साहेबाची खतावणी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून माल उचलला तो अगदी कायदेशीर, पै-पैचा हिशोब ठेवून. तागाची पोती, खाकी कापड, तंबू, बूट. संरक्षणखर्चाच्या वाटणीसाठी झालेल्या १९३९ च्या करारानुसार एकूणएक वस्तू खतावणीत चढली. मालाचे पैसे पौंडांत, जमा लंडनमध्ये, आणि उचलायला मात्र मनाई. इथल्या पुरवठादारांना रुपये कोण देणार? रिझर्व्ह बँक, त्याच पौंडांच्या भरवशावर नोटा छापून. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या. १९४५ पर्यंत त्या १,१०० कोटींच्या पुढे गेल्या. भाव कडाडले, १९४३ च्या दुष्काळात बंगालात लाखो माणसं मेली. खतावणीत मात्र चूक नव्हती.

युद्धाअखेर इंग्लंडकडे आपलं येणं सुमारे १३० कोटी पौंड! गुलामाने धन्याला कर्ज दिल्याचं असं उदाहरण विरळच. चर्चिलसाहेबांना हे रुचेना; तुमचं रक्षण केलं, त्याचंच बिल आम्ही उलट लावू, असा त्यांचा बाणा. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय अर्थपरिषदेत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आणि मंडळींनी हा विषय काढला, तेव्हा ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्ससाहेबांनी उत्तर दिलं की कर्ज सन्मानाने फेडू. सन्मान रोख मिळाला, पैसे हप्त्यांनी. त्यातला कुठला हप्ता कधी सुटायचा, यासाठी धनकोनेच स्वातंत्र्यानंतरही ऋणकोच्या दारी वाटाघाटींना जायचं. सावकारी बदनाम आहे, पण तिथे निदान मुदत सावकार ठरवतो.