तंबाखूतोडणी यंत्रास खुले पत्र

रा. रा. तंबाखूतोडणी यंत्र, मुक्काम नॉर्थ कॅरोलायना, यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्याइतका गुणी मजूर तंबाखूच्या धंद्याला आजवर लाभला नव्हता. आपण ओळीवरून चालत जाता, बुडाची पिकलेली पानं तेवढी ओरबाडता आणि वरची पुढच्या फेरीला राखून ठेवता. उचल मागत नाही, सुट्टी मागत नाही. मुख्य म्हणजे आपल्याला कातडी नाही.

कातडी असली की घोटाळा होतो. ओल्या पानातलं निकोटिन दवात उतरतं आणि तोडणाऱ्याच्या अंगात मुरतं. मग डोकं गरगरतं, उलट्या सुरू होतात. या दुखण्याला ‘ग्रीन टोबॅको सिकनेस’ असं नावही आहे. ह्यूमन राइट्स वॉचने २०१४च्या अहवालासाठी आपल्या नॉर्थ कॅरोलायनासह चार राज्यांतल्या, ७ ते १७ वर्षांच्या १४१ बालमजुरांना बोलतं केलं. बहुतेकांनी मळमळ, उलट्या, डोकेदुखी असं काही ना काही सांगितलं. दवापासून बचाव म्हणून कचऱ्याच्या काळ्या पिशवीला भोकं पाडून ती अंगात घालणारी मुलं त्यांत होती.

त्यानंतर बड्या अमेरिकी कंपन्यांनी सोळा वर्षांखालचं मूल शेतावर नको, असं जाहीर केलं. कायदा मात्र अजून उदार आहे. सिगारेटचं पाकीट घ्यायला तिथे वयाची २१ वर्षं पुरी लागतात. आईबापांची संमती असेल तर तंबाखूच्या शेतात राबायला १२ पुरतात.

अशा वेळी कंपन्यांच्या शाश्वततेच्या गुळगुळीत अहवालात आपला फोटो किती शोभून दिसेल! अडचण एकच. आपण जाता तिथे, जिथे मजुरी महाग आणि शेतं लांबरुंद. मलावीतल्या एवढ्याएवढ्याशा तुकड्यांवर आपलं चाकही वळत नाही. सक्तीच्या मजुरीच्या आणि बालमजुरीच्या संशयावरून अमेरिकेने २०१९मध्ये तिथला तंबाखू सीमेवर अडवला, तेव्हा आपली खरी गरज कुठे होती ते कळलं. शिवाय शेत कंपनीचं नसतं. ती पान विकत घेते. आपला हप्ता शेतकरी फेडतो.

निपाणीला येण्याचा बेत असेल तर एवढं ध्यानात असू द्यावं: १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, तो भावासाठी. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले.

बाकी झाडांचं आपण मनाला लावून घेऊ नये. तंबाखूपायी वर्षाला साठ कोटी झाडं जातात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये सांगितलं. तंबाखूने मरणाऱ्या माणसांचा तिचा तेव्हाचा आकडा ऐंशी लाखांवर होता. आपण कितीही झपाट्याने पानं तोडलीत, तरी हा दुसरा आकडा घटायचा नाही.

तेव्हा कंपन्यांना एवढंच सांगावं: पुढच्या अहवालात आपल्या फोटोखाली शेतकऱ्याला किलोमागे दिलेला भाव छापा. कळावे, लोभ असावा.