देशातल्या सर्वांत यशस्वी कलावंतास अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत अनाम,
धातू, लाकूड, माती, कापड आणि भिंत या सर्व विभागांतले ज्येष्ठ कलावंत,
मुक्काम : शहरातले कुठलेही कलादालन.



सर्वप्रथम आपले अभिनंदन. मुंबईत १९५२ साली जहांगीर कलादालन उघडले. तिथल्या भिंती आठवडाभर मिळाव्यात म्हणून चित्रकार अर्ज करतात आणि तारखेसाठी वर्षानुवर्षे थांबतात. तोवर काहींची शैली दोनदा बदलते. आपण आजवर कुठे अर्ज भरल्याचे ऐकिवात नाही. तरीही दिल्ली, भोपाळ, मुंबई, हैदराबाद, जिथे जावे तिथे आपले काम मांडलेले! आपण मानधन मागत नाही. उद्घाटनाला येत नाही, म्हणजे पुढच्या रांगेतल्या खुर्चीची कटकट नाही. उजेड कमी पडला म्हणून रुसत नाही. इतका सोयीचा कलावंत या देशात दुसरा झाला नाही.

वयाचे तर बोलायलाच नको. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात कमरेवर हात ठेवून उभी असलेली मोहेंजोदडोची नर्तकी आपणच ओतलेली. उंची साडेदहा सेंटिमीटर, वय सुमारे साडेचार हजार वर्षे. तिच्या बाबतीत आपल्याला सगळे माफ आहे. तेव्हाचे नाव आता कुणाला सापडणार? पण अलीकडे हैदराबादच्या एका कलादालनात टांगलेल्या घंटाही आपल्याच निघाल्या. हे पत्र त्या घंटांमुळे लिहावे लागत आहे.

पत्रलेखक आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरचा. इकडची माणसे हैदराबादला कला बघायला जात नाहीत, दवाखान्याला जातात. तोही काकांच्या तपासण्यांसाठी गेला होता. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होते, बाहेर ऊन होते, आणि समोरच्या इमारतीत प्रवेश फुकट आणि हवा थंड. दोघे आत शिरले. आत समकालीन कलेचे प्रदर्शन. मधल्या दालनात एक मोठे मांडणशिल्प : छतापासून स्टीलच्या तारांना लोंबणाऱ्या पितळी घंटा, खाली आरसा, कोपऱ्यातून निळा उजेड. शेजारच्या भिंतीवर हातभर मजकूर. त्यात कलावंताचे नाव, जन्मसाल, पदवी कुठली, शिष्यवृत्त्या कोणकोणत्या देशांतल्या, आणि हे काम विस्थापन, मौन व स्मृती यांच्याशी कसा संवाद साधते त्याचा खुलासा. अगदी खाली, डोळे बारीक केल्यावर दिसेल अशा अक्षरांत साहित्याची यादी : स्टील, आरसा, प्रकाश, ध्वनी, आणि ढोकरा घंटा, आदिलाबाद, अनाम कारागीर.

काकांनी मान वर करून बराच वेळ पाहिले. मग विचारले, "हे तर उशेगावकडच्या ओझांचं काम. मग याच्यात या गड्यानं काय केलं?"

"टांगलं," पुतण्या म्हणाला.

तर श्रीयुत अनाम, आपण स्टील आणि आरसा यांच्या पंगतीला बसला आहात. स्टील कुठल्या कारखान्याचे तेही लिहिले नव्हते, एवढीच काय ती समता.

तक्रारी आणखीही होत्या. तेलुगू, उर्दू आणि मराठीही कानावर पडणाऱ्या शहरात भिंतीवर फक्त इंग्रजी. रखवालदार चपलांच्या मागेमागे फिरतो आणि बुटांना सलाम ठोकतो. किमतीसाठी कार्यालयात चौकशी करा अशी पाटी असते. ती वाचूनच छाती बसते. हे सगळे चालवून घेता येईल. घंटांचे नाही.

कारण त्या ढोकरा घंटा कशा होतात हे इकडच्या माणसाला ठाऊक असते. आदिलाबादचे ओझा कारागीर उटनूरच्या पलीकडे, जैनूर मंडळातल्या उशेगावात आणि आसिफाबादकडच्या केसलागुड्यात राहतात. गोंडांचे देव, दिवे, घंटा, दागिने त्यांनीच ओतायचे, असा रिवाज. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाचे सूत वळून वळून नक्षी बसवायची. वरून पुन्हा मातीचे लेप द्यायचे, भट्टीत मेण वितळून जाऊ द्यायचे आणि त्या पोकळीत तापलेले पितळ ओतायचे. गार झाले की मूस फोडायची. फोडल्याशिवाय आतली वस्तू निघत नाही आणि फुटलेली मूस परत वापरता येत नाही. म्हणजे एका मुशीला एकच घंटा. दुसरी हवी तर पुन्हा मातीपासून सुरुवात.

आता शहरातल्या नामवंत शिल्पकाराचे पाहा. त्याच्या ब्राँझचा साचा टिकतो. त्यातून ठरावीक संख्येने प्रती ओततात, प्रत्येकीच्या पायाशी सही करतात आणि ३/९ असा आकडा घालतात. नवांपैकी तिसऱ्या प्रतीला सही आहे. जिची दुसरी प्रत होऊच शकत नाही, ती घंटा मात्र साहित्याच्या यादीत! एकमेव वस्तूला मोल असते हे कलाबाजाराचे पहिले कलम. ते उशेगावला पोचेपर्यंत बहुधा रद्द होते.

असे सगळेच करतात असे नाही, हेही आपल्या कानावर घातले पाहिजे. मीरा मुखर्जी या मोठ्या शिल्पकार. त्या बस्तरच्या घडवा ओतकारांकडे जाऊन बसल्या, त्यांच्या हाताखाली ओतकाम शिकल्या आणि ते कुठून शिकलो हे आयुष्यभर सांगत राहिल्या. देशभरच्या धातूकारागिरांवर त्यांनी अभ्यास करून पुस्तक लिहिले, ते १९७८ साली आले. घंटा टांगणाऱ्याने ते चाळले असते तरी पुरे होते.

आपली बाजू घेणारे विद्वान एक युक्तिवाद नेहमी करतात. आपली परंपरा म्हणे सामूहिक आहे. नाव लावणे हा पाश्चात्त्य अहंकार, आपण त्याच्या पलीकडे गेलेले आहात. ऐकायला फार गोड वाटते. फक्त अहंकार सोडण्याचा हा उपदेश दर वेळी ओझालाच होतो. उपदेश करणाऱ्याचे नाव कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर असते.

आणि परंपरेचे म्हणाल तर तेराव्या शतकात होयसळांच्या देवळांवर मल्लितम्मा नावाचा शिल्पकार आपल्या मूर्तींखाली नाव कोरत होता. कुणी पाश्चात्त्य येऊन त्याला शिकवून गेला नव्हता. तेही लांबचे वाटत असेल तर तेलंगणातच थांबू. पालमपेटचे १२१३ सालचे देऊळ काकतीयांचा सेनापती रेचर्ल रुद्र याने बांधवले. लोक त्या देवळाला रामप्पा म्हणतात, आणि रामप्पा हे राजाचे नाव नाही, सेनापतीचे नाही. ते ज्याने घडवले त्या शिल्पकाराचे, असे सांगतात. २०२१ साली युनेस्कोच्या यादीत हे देऊळ गेले, तिथल्या नोंदीतही रामप्पा हे नाव आहे. ज्या राज्यात अख्खे देऊळ कारागिराच्या नावाने ओळखतात, त्याच राज्याच्या राजधानीत घंटेखाली नाव लिहायला जागा पुरत नाही!

नावे आपोआप सापडत नाहीत हे खरे. ती विचारावी लागतात. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या वारली पाड्यांवर गेले, कागद-रंग दिले, कोण काढते ते पाहिले. त्यातून गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव बाहेर आले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांचे प्रदर्शन झाले, २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या बरोबरीने, २०११ साली पद्मश्री. भोपाळला भारत भवन उभे राहताना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण मुलांना खेड्यांत पाठवले. त्यांना पाटणगढ या गावात चित्रकार जनगढ सिंह श्याम भेटले.     १९८९ साली पॅरिसला जगभरच्या कलावंतांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात म्हसे आणि जनगढ दोघेही होते, आणि दोघेही नावानिशी होते. पॅरिसवाल्यांना जमले ते हैदराबादेत जमू नये?

तिथेही आपली सुटका पूर्ण झाली नाही, ते वेगळे. वारल्यांकडे लग्नाचा चौक मुळात बायका लिहितात. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघाट देवी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाते, मग लग्न. कागद आला, पैसे आले, आणि पुरुषांची नावे पुढे आली. भिंतीवरचे ते सगळे बायांचे हात अजून आपल्याच खात्यावर जमा आहेत. तेव्हा यापुढे आपल्याला श्रीयुत लिहायचे की श्रीमती, हेही एकदा कळवावे.

राहता राहिला हा प्रश्न, की आदिलाबादला नावे असतात का. मर्लावाईचे कनकराजू जन्मभर गोंडांचा गुसाडी नाच नाचले आणि शिकवत राहिले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२४च्या ऑक्टोबरात ते गेले. याच मर्लावाईत १९४०च्या दशकात हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ येऊन राहिला होता. रस्ता नाही, वीज नाही, भाषा येत नाही. तरी त्याच्या पुस्तकांत इथली माणसे नावानिशी भेटतात. नाव विचारायला त्याला गोंडी शिकावी लागली. आज उशेगावला फोन लागतो.

म्हणून नाव माहीत नव्हते, हे खोटे आहे. त्या घंटा आभाळातून पडल्या नाहीत. कुणीतरी मागणी नोंदवली, माप सांगितले, विसार दिला, उशीर झाला म्हणून चार वेळा फोन केला. मोबाइलवरून पैसे पाठवले असतील तर पाठवणाऱ्याच्या पडद्यावर घेणाऱ्याचे पूर्ण नाव आले असेल, आणि ते बरोबर आहे याची खात्री करूनच त्याने बटण दाबले असेल. मधल्या व्यापाऱ्याकडून घेतल्या असतील तर त्या व्यापाऱ्याला ठाऊक होते. केंद्र सरकार कारागिरांना 'पहचान' नावाचे ओळखपत्र देते. आदिलाबाद ढोकऱ्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या कायद्यात अधिकृत वापरकर्त्यांची नावानिशी नोंद करण्याची सोय आहे. पैसे पाठवताना नाव लागते, ओळखपत्राला लागते, सरकारी नोंदीला लागते. ते हरवते फक्त भिंतीपाशी. हा विसर नाही. चार बोटांच्या चिठ्ठीवर दुसरे नाव आले तर पहिले लहान दिसेल, एवढीच भीती आहे, आणि ती भित्र्या माणसाची भीती आहे.

कायदा तरी काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलात्मक कारागिरी ही कलाकृतीच्या व्याख्येत बसते. त्याच कायद्याचे ५७वे कलम सांगते की वस्तू विकली, हक्क विकले, तरी ही मी केली असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातले ब्राँझचे भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली उतरवून कोठारात टाकले. सहगल या कलमाच्या आधारे भांडले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प त्यांना परत द्यायला लावले, वर ५ लाख रुपये भरपाई. सहगलांना वकील परवडला. आपल्याला परवडणार नाही, हे कलादालनाला पक्के ठाऊक आहे.

इथे तुम्ही, कारण आता आपण-आपण करत बसण्यात अर्थ नाही, कदाचित म्हणाल की नाव छापून पितळ स्वस्त होणार का? मेण, कोळसा, भट्टीची लाकडे, यांतले काय कमी होणार? बरोबर आहे. जनगढ यांचे नाव जगभर झाले आणि २००१ साली जपानमधल्या मिथिला संग्रहालयात काम करत असताना त्यांनी आयुष्य संपवले. तेव्हा नाव झाले की सगळे झाले, असे कोण म्हणेल? पण नाव नसले की पुढचे गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचत नाही. ते टांगणाऱ्याकडेच जाते. घंटा आवडलेल्या माणसाला घंटा कुणाकडून घ्यावी हे कळू नये, अशी ती व्यवस्था असते. तुमच्या पोराने हे काम पुढे करायचे की आदिलाबादला दुकानात हिशेब लिहायचा, हे त्या चार बोटांच्या चिठ्ठीवर थोडेफार ठरते.

तुमच्याकडे काम एकट्याचे नसते हेही मान्य. माती एकाने मळली, सूत घरातल्या बाईने वळले, ओतताना चौघे उभे होते. मग चौघांची नावे लिहावीत. सिनेमाच्या शेवटी चहा आणणाऱ्याचेही नाव पडद्यावर सरकते, आणि त्यामुळे दिग्दर्शक लहान झाल्याचे कुणी ऐकलेले नाही.

बाहेर पडताना काकांनी दाराजवळच्या टेबलावरल्या माणसाला तेलुगूत विचारले, घंटा कुणी केल्या? तो भला होता, त्याने संगणकात पाहिले, एक फोन केला आणि म्हणाला, मॅडम सांगतात तसे काही नोंदलेले नाही. मग त्याने अभिप्रायाची वही पुढे सरकवली.

कळावे, लोभ असावा.

ता. क. : ही सूचना अनाम यांना नाही, वाचकांना आहे. यापुढे कलादालनात गेलात आणि चिठ्ठीवर अनाम दिसले, तर अभिप्रायाच्या वहीत फार सुंदर असे लिहून येऊ नका. टेबलापाशी जाऊन नाव विचारा. मिळाले तर मोबाइलवर टिपून घ्या, त्या माणसाकडून थेट खरेदी करा. नाही मिळाले तर वहीत तोच प्रश्न लिहा, खाली स्वतःचे नाव आणि फोन नंबर घाला, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला फोन करा.