निजामाची पेन्शन

येडशीच्या चौकात, बार्शी-लातूर रस्त्यावरच्या हॉटेलात, जगातला कुठलाही हुकूमशहा एका हाफ चहात गादीवरून खाली येतो. सद्दाम झाला, गद्दाफी झाला. आता पुढच्याची पाळी. ‘घुसायचं आन् उचलायचं’ हे धोरण एकमतानं मंजूर असतं. घुसणारं पोरगं आपल्या घरचं नसावं, एवढीच एक उपसूचना.

कुणी कुरकुरलंच तर कोपऱ्यातले गुरुजी हुकमाचा एक्का टाकतात: हैदराबादची पोलीस ॲक्शन. एक्का खरा आहे, हे मान्यच केलं पाहिजे. बार्शीला इंग्रज, येडशीला निजाम. बार्शी लाइट रेल्वेच्या डब्यातला माणूस एकाच तिकिटात दोघांची गुलामी करून यायचा. १५ ऑगस्ट १९४७ ला बार्शी सुटली, येडशी अडकली. नोव्हेंबरात ‘जैसे थे’ करार झाला, वाटाघाटी झाल्या; इकडं लातूरचे वकील कासिम रझवी लाल किल्ल्यावर झेंडा लावायच्या गोष्टी करत होते आणि त्यांचे रझाकार गावं जाळत होते. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौज आत शिरली. नळदुर्ग त्याच दिवशी पडलं, १७ तारखेला निजाम. रणगाडे घेऊन आलेल्यांना पोलीस म्हणायचं, हा सरकारी विनोद सोडला तर बाकी सगळं योग्यच होतं. मी तेव्हा असतो तर दोन्ही हात वर केले असते.

पण निकाल बघा. ज्याच्याविरुद्ध एवढा खटाटोप, तो निजाम १९५० साली राजप्रमुख झाला आणि वर सालाना ५० लाखांचा तनखा! हरण्याचा एवढा मेहनताना मिळणार असेल तर कुठला हुकूमशहा लढायला नाही म्हणेल? रझवी तुरुंगात गेले, १९५७ ला सुटले आणि पाकिस्तानात गेले.

मग शिक्षा झाली कुणाला? ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती धाडली. कारवाईत आणि तिच्या मागोमाग २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. सगळ्यात होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद. मेले ते बहुतेक मुसलमान. त्यातल्या कितीकांनी निजाम लांबून तरी नीट पाहिला असेल, देव जाणे. अहवाल मात्र कित्येक दशकं कपाटात सुखरूप राहिला. आपल्याकडं कागदाला संरक्षण चांगलं मिळतं.

म्हणून परवा विचारलं, “गुरुजी, सतराला झेंडा लागला. अठराला काय झालं?”

“अठराला?” गुरुजींनी बशीतला चहा संपवला. “शनवार व्हता. सकाळची शाळा. बरं, त्या कोरियावाल्याचं काय करायचं म्हणता?”