पगार नाही, रजा भरपूर

संस्था नोंदवायला कायद्याने निदान सात माणसं लागतात. 1860 सालच्या कायद्यात ही अट ज्याने घातली, त्याला नुसत्या सह्या हव्या असणार. ‘रविवारी पहाटे सहाला वेताळ टेकडीच्या पायथ्याशी सात माणसं उभी करून दाखवावीत’ असं कलम त्याने घातलं असतं, तर पुण्यात एकही निसर्गमंडळ नोंदलं गेलं नसतं.

आमचं मंडळ मात्र रीतसर नोंदलेलं आहे. अध्यक्ष आहेत, चिटणीस आहेत, खजिनदार परवापरवापर्यंत होते. मुलांना आणि त्यांच्या आईबापांना टेकडीवर न्यायचं आणि झाडं, किडे, पक्षी दाखवायचे, हे आमचं काम. त्याचा पगार कुणालाच नाही. स्वयंसेवकांना नाही आणि पक्ष्यांनाही नाही. आमच्या सगळ्या अडचणींचं मूळ हेच. दोघंही मनात आलं तर येतात आणि नाही आले तर कुणाला मेमो देता येत नाही.

पैसे मोजलेले असतात ते फक्त पालकांनी. माणशी पन्नास रुपये, चहा-पोह्यांसकट. त्यामुळे मोर कधी दिसणार हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांना वाटतं. “दिसेल बहुतेक,” असं आम्ही म्हणतो. “बहुतेक म्हणजे?” असं ते म्हणतात. मोर तिकडे कुठेतरी ओरडत असतो, म्हणजे हजेरी लावतो पण समोर येत नाही. आमचे निम्मे स्वयंसेवकही व्हॉट्सअ‍ॅपवर हेच करतात. शनिवारी रात्री ‘उद्या कोण कोण?’ असं विचारलं की अंगठ्यांचा पाऊस पडतो. पहाटे पाचनंतर एकेक अंगठा गळायला लागतो. कुणाची गाडी पंक्चर, कुणाकडे पाहुणे, कुणाला ‘रात्रीपासून जरा कसंतरीच’. ज्यांनी अंगठा दिलेलाच नसतो ते बँकेतून निवृत्त झालेले काका तेवढे पावणेसहाला हजर असतात.

काका झाडांचे. मुलांनी झाडावरचा पक्षी दाखवला की ते पक्ष्याखालचं झाड सांगतात. एकदा एका चिमुरडीने गुलाबी फुलांनी लगडलेल्या झाडाकडे बोट करून “कित्ती छान!” म्हटलं. ते होतं गिरिपुष्प. चिटणीसांनी डोळे मिटून घेतले, कारण पुढची वीस मिनिटं कुठे जाणार हे त्यांना ठाऊक होतं. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, टेकडी हिरवी करायची म्हणून लावलेलं, आणि टेकडी खरी गवताची. गवताची टेकडी ही उजाड टेकडी नव्हे, तिच्यावर जगणारे पक्षी वेगळे, किडे वेगळे. काकांचा शब्द न् शब्द खरा असतो, पण तोवर पोहे गार होतात. शेवटी ती मुलगी म्हणाली, “पण आजोबा, झाडाची काय चूक?” काका थांबले. त्यांना निरुत्तर झालेलं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

आमचा सुगीचा काळ म्हणजे नोव्हेंबर. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सालिम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सगळ्या शाळांना त्याच आठवड्यात पक्षी हवे असतात. एका शाळेतून फोन आला : बुधवारी साडेअकरा ते सव्वाबारा, पाचवी ते सातवी, तीनशे मुलं, पक्षिनिरीक्षण. त्या वेळेला बहुतेक पक्षी सावलीला बसलेले असतात, असं मी नम्रपणे सांगितलं. तिकडून तितक्याच नम्रपणे उत्तर आलं, “सर, वेळापत्रक छापून झालंय.”

तीनशे मुलं मैदानात उभी केली. कावळा पाहून झाला, कबुतरं पाहून झाली. तेवढ्यात वर घार आली. ऊन तापलं की जमिनीवरची गरम हवा वर चढते आणि घार तिच्यावर पंख न हलवता गोल गोल फिरत राहते. म्हणजे घारीला साडेअकराचीच वेळ सोयीची. एकीच्या तीन झाल्या, तीनच्या सात झाल्या. मुलांच्या माना दुखेपर्यंत तास रंगला. मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, “बघा, दिसले की नाही वेळेवर!”

पण घारही रोज धावून येत नाही. अशा कोरड्या दिवसांत आमची अब्रू राखतो तो मुंगीसिंह. पायवाटेच्या कडेला भुसभुशीत मातीत रुपयाएवढे, नाण्याने कोरल्यासारखे खड्डे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी मातीत अंग पुरून एक अळी बसलेली असते, फक्त जबडा वर. मुंगी कडेवरून घसरली आणि वर चढायला लागली, की खालून ती मातीचा मारा करते. मुंगी पुन्हा तळाशी. आतला रस शोषून झाला की रिकामं कलेवर बाहेर भिरकावलं जातं. मुलं चारी बाजूंनी पालथी पडून हे बघतात. मग मी ठेवणीतली माहिती काढतो : ही अळी, अळी असेपर्यंत, शी करतच नाही. सगळं पोटात साठवते आणि पंख फुटून बाहेर आल्यावर एकदाच मोकळी होते. यानंतर मोराची आठवण कुणालाही येत नाही. घरी जाताना गाडीत याच विषयावर चर्चा चालते आणि संध्याकाळी एखाद्या आईचा निरोप येतो, “सर, जेवायच्या वेळी पण तेच चाललंय.”

खरी मजा रात्री. अकराला फोन वाजतो, “अहो, बाथरूममध्ये मण्यार आहे!” पाठोपाठ फोटो येतो. त्यात बादली स्पष्ट असते आणि साप पुसट. रविवारी सहाला न उठणारं अख्खं मंडळ या वेळी टक्क जागं असतं. पट्टे डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे विरत गेलेले, म्हणजे बिनविषारी कवड्या. मण्यारीचं उलट. पण फोटोवरून पैज मारायची नाही, दार लावून लांब राहायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं, एवढं एक वाक्य सांगण्यासाठी सत्तर निरोप पडतात.

बैठकांतही हेच. बॅनरचा हिरवा कोणता, यावर अध्यक्ष आणि चिटणीस दोन तास भांडले. पुढच्या रविवारी टेकडीवर एका मुलाच्या बुटाचा तळवा निघाला. चिटणीसांनी त्याच बॅनरची सुतळी सोडली, अध्यक्षांनी गुडघ्यावर बसून बूट बांधला आणि मुलगा फटक्‌फटक्‌ करत सगळ्यांच्या पुढे चालायला लागला. मागच्या बाभळीवर सातभाई कलकलत होते. मातकट रंगाचे हे पक्षी टोळीने राहतात आणि दिवसभर एकमेकांशी वचावचा भांडल्यासारखे बोलतात. पण एका जोडीला पिल्लं झाली की सगळी टोळी त्यांना भरवते. मानधन नाही, प्रमाणपत्र नाही, शाल-श्रीफळ नाही. स्वयंसेवी संस्था याहून वेगळी चालते असं मला वाटत नाही. कलकलाट थांबला, तर समजावं की भरवणंही थांबलं.

तर मुद्द्याचं. खजिनदारांची मुलाकडे परदेशी रवानगी झाल्यामुळे ती जागा रिकामी आहे. शिल्लक थोडी आणि पावत्या भरपूर, त्यातल्या निम्म्या पोह्यांच्या. पक्षी ओळखता यायची अट नाही, आम्हालाही सगळे येत नाहीत. बेरीज यावी आणि पावणेसहाला उठता यावं, बस्स. नुसता अंगठा चालणार नाही.