बेतवहिनी

मराठीत जेवणाचा बेत करतात, कापड बेततात आणि एखादी गोष्ट जिवावर बेतते. हे तिन्ही शब्द एकाच कुळातले आहेत का, ते व्युत्पत्तीवाल्यांनी ठरवावं. आमच्या आळीत मात्र ते एकाच घरात राहतात. बेत वहिनींचा असतो, बेतलं जातं ते कापड आणि जिवावर बेततं सरांच्या. म्हणून आळीने त्यांचं नाव 'बेतवहिनी' ठेवलं. ते त्यांच्या कानावर आहे, आणि ते कौतुकाने ठेवलंय अशी त्यांची समजूत आहे.

रत्नागिरीत मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत कुठल्याही आळीत शिरा, एखादी तरी बेतवहिनी भेटतेच. खुणा सोप्या आहेत. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला मापाची टेप. खांद्याशी चार टाचण्या, त्यामुळे लहान मुलं कडेवर यायला बिचकतात. बोलताना त्या आपल्या तोंडाकडे बघत नाहीत, कॉलरकडे बघतात. कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्या तरी पाठीवरून हात फिरवता फिरवता शिवण कुठे आलीय ते चाचपून घेतात. आणि परत येताना हळूच म्हणतात, "बाई धीराची आहे हो. पण मुंढा फार खोल काढलाय तिचा."

बेतवहिनींना शिवणकाम येतं असं म्हटलेलं त्यांना आवडत नाही. शिवणकाम टेलरलाही येतं. टेलर कपडे शिवतो, वहिनी 'वॉर्डरोब' शिवतात. त्यातही कॅप्सूल वॉर्डरोब. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा ॲसिडिटीवरचं काहीतरी असेल, असं वाटून रिकाम्या पोटी घ्यायचा का, असं विचारलं होतं. त्यावर मला पाऊण तासाचं व्याख्यान मिळालं. लंडनमध्ये सूझी फॉ नावाच्या एका दुकानदार बाईंनी 1970च्या दशकात ही कल्पना मांडली. कपाट भरून कपडे घेण्यापेक्षा मोजकेच घ्यावेत, पण कुठलाही कुठल्याहीबरोबर घालता आला पाहिजे. पुढे 1985 साली न्यूयॉर्कच्या डोना करन यांनी सात नगांत बाईचा सगळा आठवडा बसवला. वहिनींनी त्यावर रत्नागिरीच्या हवामानाचा विचार करून बारा नग काढले. पाच कुर्ते, चार विजारी, तीन जाकिटं.

"पाच गुणिले चार गुणिले तीन किती?" त्यांनी मला विचारलं.

"साठ," आतून सरांचा आवाज आला. सर म्हणजे वहिनींचे यजमान, गणिताचे. निवृत्त झाले तरी कुणी गुणाकार उघड्यावर टाकला की त्यांना राहवत नाही.

"साठ! म्हणजे दोन महिने एक जोड परत अंगावर यायचा नाही. आणि कपडे किती? बारा!"

झोपाळ्यावर सासूबाई होत्या. वय ब्याऐंशी, कान तीक्ष्ण. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी दोन लुगडी असायची गो. एक अंगावर, एक दोरीवर. नऊ वार, शिवण नाही, माप नाही. जाड झालं तरी बसे नि बारीक झालं तरी बसे. त्याला लंडनची बाई लागली नाही."

वहिनींनी हे वहीत टिपून घेतलं. 'आजी : दोन नग. जोड : एक.' सासूबाईंचा मुद्दा वहिनी खोडत नाहीत, त्याचा तक्ता करतात.

ही वही एकदा हातात घेऊन बघण्यासारखी आहे. विमा कंपनीची जुनी डायरी. तिच्यात तारखांच्या जागी कपडे आहेत. प्रत्येक पानावर कापडाचा बोटभर तुकडा टाचलेला, शेजारी पन्ना, मीटर, भाव आणि भवितव्य. चव्वेचाळीस इंची पन्ना असेल तर कुर्त्याला अडीच मीटर, छत्तीसचा असेल तर तीन. अस्तर वेगळं. तिरक्या पट्टीला पाव मीटर जादा, कारण ती पंचेचाळीस अंशात कापावी लागते आणि कोपरे वाया जातात. कोपरे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचं काय करायचं, त्याचं पान निराळं. थिबा राजाच्या राजवाड्याचे नकाशेसुद्धा इतक्या तपशिलात असतील असं वाटत नाही.

राजाचं नाव काढलं ते उगीच नव्हे. ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा 1886 साली इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवला. त्याच्यासाठी राजवाडा झाला तो 1910 साली. चोवीस वर्षं राजा दुसऱ्यांच्या बंगल्यात राहिला, सहा वर्षं आपल्या वाड्यात, आणि 1916 साली गेला. बेत मोठा असावा आणि तो पुरा होईस्तोवर दम धरावा, ही रीत या गावात राजघराण्यापासून आहे. शिवाय आम्ही मुंबई-गोवा महामार्गावरचे लोक. चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं तेव्हा वहिनींनी वहीचं पहिलं पान लिहिलं. दोन्ही कामं एकमेकांकडे बघत बघत चालू आहेत.

बेताची पहिली पायरी रंग. वहिनींचं म्हणणं असं की, रंग बाहेरून आणायचे नाहीत, मातीतून उचलायचे. म्हणून त्यांनी चार रंग पक्के केले : आमसुली, जांभ्याचा तांबडा, शेवाळी आणि ओल्या खोबऱ्याचा पांढरा. या चारांतला कुठलाही कुठल्याही शेजारी बसतो, कारण कोकणात तो तसा बसलेलाच आहे. विचार इतका सुंदर होता की मीही मान डोलावली. मग त्या राम आळीत गेल्या आणि पंचाईत झाली.

दुकानदाराने आमसुली म्हणून जे ठाण काढलं ते वहिनींनी एका बोटाने बाजूला सारलं.

"हे आमसुली नव्हे."

"वहिनी, आमसूल काळंच असतं की."

"ते वाळलेलं. मला भिजलेलं हवंय."

दुकानदाराने लाल ठाण काढलं. ते सोलकढी निघालं. मग एक जांभळं काढलं, त्याला वहिनींनी रतांबा ठरवला. शेवटी दुकानदाराने घरून डबा मागवून त्यातलं आमसूल पाण्यात टाकलं आणि दोघं वाटीत बघत बसली. पाच मिनिटांनी त्याने विचारलं, "आता?" वहिनी म्हणाल्या, "अजून जरा भिजू दे." मागे गिऱ्हाइकांची रांग होती. तिच्यातल्या अर्ध्यांनी भिजलेल्याच्या बाजूने मत दिलं.

मग आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून इचलकरंजी, एकदा कोकण रेल्वेने मुंबईचं मंगलदास मार्केट. तीन वर्षांनी आमसुली मिळाला. तो पुरता नऊ मीटर घेतला, कारण पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. बारा कपड्यांच्या वॉर्डरोबसाठी वहिनींकडे आजमितीस दोन ट्रंका कापड आहे. आटोपशीरपणाला जागा लागते.

सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढायचं असतं, नाहीतर कुर्ता पहिल्या धुण्याला आटतो आणि धाकट्या बहिणीचा होतो. हे बरोबरच आहे. पण वहिनींना ही आठवण झाली जुलैत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. आमच्याकडे तेव्हा हातरुमाल वाळायला दोन दिवस घेतो. वहिनींनी बावीस मीटर भिजवलं. माजघरापासून पडवीपर्यंत दोऱ्या बांधल्या आणि घराचं मिरकरवाडा बंदर झालं. जिकडे तिकडे शिडं. सर सकाळी चहाला निघाले की शेवाळी शिडाखालून वाकून, खोबरी शिडाला वळसा घालून स्वयंपाकघराच्या धक्क्याला लागत. चौथ्या दिवशी कापडाला कुबट वास आला, सहाव्या दिवशी पांढऱ्यावर काळे ठिपके. वहिनी चष्मा लावून ठिपके बघत म्हणाल्या, "बारीक बुट्टी वाईट नाही दिसत."

त्या धांदलीत नीळ-छापाचं एक कापड चुकून सरांच्या लेंग्यांबरोबर भिजलं. चारही लेंगे फिकट निळे झाले. वहिनींनी ते उजेडात धरले, वही काढली आणि सरांना न विचारता त्यांचा बेतात समावेश केला.

वहिनींचं शिवणयंत्र पायाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं. ते सासूबाईंच्या लग्नातलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही शिवणयंत्राला माफी दिली होती. बायकोचे शिवताना होणारे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र काढलं, असं ते म्हणत. वहिनी ही गोष्ट सरांना वर्षातून दोनदा ऐकवतात. सरांनी एकदा वाचनालयात जाऊन सिंगरचं चरित्र तपासलं. 1851 सालचं पेटंट खरं होतं, पण सिंगरसाहेबांचे संसार एकाहून जास्त निघाले. तेव्हा नेमक्या कुठल्या बायकोचे कष्ट बघवेनात, असा प्रश्न सरांनी घरी विचारला. त्या रात्री जेवणाचा बेत पिठल्याचा होता.

आता कुणीही विचारील की शिवून किती झालं. हा प्रश्न बेतवहिनींना विचारायचा नसतो, पण उत्तर सांगतो. चार झाले. चारही विजारी. विजारीला गळा नाही, मुंढा नाही, बाही नाही. नाडी ओवली की झाली. कुर्त्यांचं मात्र गळ्याशी अडलं. गोल की पान, पुढे पट्टी की मागे काज, यावर वहीची अकरा पानं भरली. जाकिटांचा निर्णय कुर्त्यांवर अवलंबून, म्हणून तीही थांबली.

सरांनी एका संध्याकाळी हिशेब मांडला. "शून्य गुणिले चार गुणिले शून्य."

"ते शून्य नव्हे," वहिनी म्हणाल्या, "ते चार वाट बघतायत."

नमुना म्हणून वहिनींनी मधल्या काळात एक कुर्ता शिवला, तो मोजायचा नव्हता. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या कापडाचा कच्चा नमुना शिवून अंगावर बघतात. त्यासाठी सरांच्या पलंगावरची गुलाबांची चादर गेली. पाठीवर एक अखंड गुलाब, पोटावर दीड, डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब, कडा नुसत्या धावदोऱ्यावर. हा कुर्ता आता बाजारात, देवळात, हळदीकुंकवाला, सगळीकडे दिसतो. आळीतल्या बायका विचारतात, "नवा का हो?" वहिनी म्हणतात, "छे, हा नमुना." सात वर्षं नमुना चालू आहे. सरांनी सुधारित हिशेब दिला, 'एक गुणिले चार, चार जोड,' आणि चादरीचं दुःख गिळलं.

तुकड्यांचं मात्र सोनं झालं. कडा सरळ करताना, विजारींचे कोपरे काढताना जे उरलं त्याच्या वहिनींनी पिशव्या शिवल्या आणि घरोघर वाटल्या. जांभ्याचं अंग, शेवाळी बंद, आत खोबरी अस्तर, काठाला आमसुली पट्टी. मी परवा बांगडे घ्यायला गेलो तर कोळीण पिशवी बघून म्हणाली, "तुमी त्या पिशवीवाल्या आळीतले ना?" पाहिलं तर पुढच्या टोपलीपाशी आमचे जोशी-सावंत-मुल्ला शेजारी तशाच पिशव्या घेऊन उभे. वहिनींचा वॉर्डरोब व्हायचा तेव्हा होवो, आळी तेवढी मॅचिंग झाली.

एकदा मी धीर करून विचारलं, "वहिनी, ते आमसुली कापणार कधी?"

त्या ट्रंक उघडून बसल्या होत्या. आत कडुलिंबाचा पाला. त्यांनी नऊ मीटरची घडी काढली, एक पदर खांद्यावर टाकला आणि आरशाकडे वळल्या. मग तो उलगडून कमरेशी धरला. मग मानेशी चुणी घेतली. दहा मिनिटांत मी तीन कुर्ते, एक झगा आणि एक जाकीट बघितलं. टेप गळ्यात होती, कात्री भिंतीला होती.

"कापलं की त्याचा एकच कुर्ता होतो हो," त्या म्हणाल्या आणि घडी पूर्वीच्याच रेघांवर घालून ठेवली.

त्याच दिवशी त्यांनी माझं माप घेतलं. आमसुलीत दीड-दोन मीटर वाचतंय, त्यात तुमचा एक शर्ट बसवते, म्हणाल्या. छाती, खांदा, बाही, मान. पोटाशी टेप आणली तेव्हा मी श्वास आत ओढला. त्यांनी आकडा लिहिला आणि शेजारी पेन्सिलीने 'श्वास धरून' असंही लिहिलं. याला दोन वर्षं झाली. शर्टाचं पान वहीत आहे, काजं आडवी की उभी एवढंच राहिलंय. मी मात्र तेव्हापासून संध्याकाळी भाट्याच्या पुलापर्यंत चालतो. तो आकडा टिकवला पाहिजे.

गेल्या आठवड्यात राम आळीत पँटचं कापड घ्यायला गेलो. दुकानदाराने करडं दाखवलं, तपकिरी दाखवलं. मी दोन्ही उजेडात नेऊन बघितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमसुली शर्टावर जाईल असं दाखवा."

दुकानदाराने हातातलं ठाण खाली ठेवलं. माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. मग आवाज उतरवून त्याने विचारलं,

"वाळलेल्या की भिजलेल्या?"