माननीय पाच हजार यांस अनावृत पत्र

मा. पाच हजार,
मुक्काम : देशातील बहुतेक कुरिअरवाल्यांचे काउंटर

स.न.वि.वि.

आपली आमची प्रत्यक्ष ओळख नाही. पण आमच्या पार्सलाचे भाडे आपल्या सहीशिवाय ठरत नाही, म्हणून पत्र थेट आपल्यालाच लिहीत आहे. काउंटरवरचा मुलगा टेप लावून लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेतो, तिन्हींचा गुणाकार करतो आणि त्याला आपण भागता. येणाऱ्या आकड्याला ‘व्हॉल्यूमेट्रिक’ वजन म्हणतात. काट्यावरचे वजन आणि हे वजन यांत जे जास्त भरेल, त्याचे पैसे द्यायचे. ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य हवे, असे हल्ली सगळेच म्हणतात. आपण ते दिले आहे. फक्त निवड आपण स्वतःच करून ठेवता.

प्रकरण साधे आहे. चिरंजीवांनी गाडीला सोळा इंची चाके बसवली. उतरवलेली पंधरा इंची चार अलॉय टायरांसकट आमच्या गॅलरीत येऊन बसली. नागपूरच्या भाच्याकडे हीच गाडी आहे, पण लोखंडी चाकांची. ‘मामा, विकू नका, पाठवून द्या ना,’ असा त्याचा फोन आला. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने सांगितलेला भाव ऐकून मलाही ते पटले. सौ.ना तर गॅलरी मोकळी होण्याशी मतलब होता. प्रश्न एवढाच, की पुण्याची चार चाके नागपुरी कशी न्यायची? ज्या वस्तूवर अख्ख्या देशाचा माल वाहिला जातो, ती वस्तूच वाहून न्यायला एवढी महाग का, हे आपण सोडून कोण सांगणार?

आता आपल्याच भाषेत बोलू. टायरवर लिहिले आहे १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची भिंत तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. दोन्हीकडच्या भिंती आणि मधला रिम मिळून व्यास होतो जवळपास ६२ सेंटीमीटर, जाडी धरा १९. बासष्ट गुणिले बासष्ट गुणिले एकोणीस, भागिले आपण : १४.६ किलो. रिमसकट चाकाचे काट्यावरचे वजन १६ च्या आसपास. म्हणजे उघड्या चाकाच्या बाबतीत आपण सज्जन आहात, हे कबूल करायला हवे. पण उघडे चाक काउंटरवर घेत नाहीत. ‘काका, पॅकिंग लागेल.’ पुठ्ठा आणि बबल लावून प्रत्येक बाजू दीड सेंटीमीटरने फुगली, की मापे होतात ६५, ६५ आणि २२, आणि आपण म्हणता १८.६ किलो. बबलच्या कागदाचे वजन चार किलो असते, हे त्याच्या कारखानदारालाही ठाऊक नसेल.

सुट्ट्या टायरच्या बाबतीत तर आपली प्रतिभा खरी फुलते. नुसता टायर आठेक किलोचा, पण आपल्या हिशेबी तोही १४.६ चाच. का, तर आपण गोल वस्तू चौकोनात मोजता. चौकोनातल्या शंभर भागांपैकी सुमारे साडेएकवीस भाग चार कोपऱ्यांचे, जिथे टायर पोचतच नाही. साडेएकोणतीस भाग मधल्या भोकाचे, जिथे टायर कधी नव्हताच. रबराच्या कड्याला उरले एकोणपन्नास, आणि ते कडेही आतून पोकळ. थोडक्यात, आम्ही पाठवतो टायर आणि भाडे भरतो हवेचे. पेट्रोल पंपावर हीच हवा फुकट मिळते, साहेब. तिचे भाडे घेणारे आपणच.

आपली बाजू मला समजत नाही असे नाही. आपला अर्थ एवढाच, की एक घनमीटर जागेला कमीत कमी २०० किलोचे पैसे सुटले पाहिजेत. गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते. उशा आणि थर्मोकोल पाठवणाऱ्यांनी ती अडवून ठेवली तर लोखंडवाल्याने कुठे जायचे? मान्य. पण माझ्या टायरच्या भोकाचे भाडे मी भरल्यावर गाडीत त्याच भोकात कुणाची तरी दोन पाकिटे आणि चपलांचा एक खोका बसतो, आणि त्यांचेही भाडे वेगळे वसूल होते. पोटभाडेकरू ठेवायचा तर निदान मूळ भाडेकरूला विचारायची रीत आहे.

आपल्या घराण्याचीही थोडी चौकशी केली. विमानाच्या मालवाहतुकीत सहा हजार नावाचे आपले थोरले बंधू असतात. त्यांनी भागले तर माझे चाक १२.२ किलोचे. काही ठिकाणी धाकटे चार हजार बसतात. त्यांच्याकडे तेच चाक १८.३ किलोचे. आकडा जितका लहान, तितकी त्याची भूक मोठी. ट्रान्सपोर्टच्या मोठ्या कंपन्यांत आपले नातेवाईक वेश पालटून घनफुटात वावरतात : एका घनफुटाला सहा किलो, आठ किलो, दहा किलो. सहा म्हणजे जवळजवळ आपणच. दहा म्हणजे मात्र भागाकार २,८०० च्या घरात गेला. म्हणून हल्ली मी किलोचा दर विचारण्याआधी ‘घनफुटाला किती धरता?’ असे विचारतो. समोरचा माणूस एकदम आदराने बोलायला लागतो.

एक कौटुंबिक सल्लाही मिळाला होता : ‘टायर काढून घ्या, रिम वेगळे पाठवा, हलके पडेल.’ हिशेब केला. रिमचा नग लहान आणि जड, म्हणून त्याला खरे वजन लागते, आठ किलो. टायरला आपले १४.६. बेरीज साडेबावीसच्या वर, आणि बसवलेले चाक होते १६. टायर-रिमची फारकत केल्याने आपले उत्पन्न वाढते, वर काढायचे, बसवायचे आणि बॅलन्सिंगचे पैसे निराळे. जोडी सुखाने राहू द्यावी. अपवाद एकच : टायर म्हातारा असेल तर. त्याच्या कुशीवर लंबवर्तुळात चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षीच्या खाचांत मधूनमधून छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे कायद्यानेही टायर संपला. तसले टायर समृद्धी महामार्गाच्या सिमेंटवर पळवायला भाच्याला पाठवणारा मामा कंसाच्या पंगतीला बसेल. अशा वेळी टायर इथेच मोडीत द्यावेत, नुसते रिम पाठवावेत आणि तिथे नवे टायर घ्यावेत.

आपल्याला टाळून नागपूर गाठण्याचे मार्ग किती, हेही कळवतो, म्हणजे आपला गैरसमज नको.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तिकिटाशिवायही माल घेतात. नगावर रंगाने पत्ता आणि ‘एनजीपी’ ही खूण घालायची, पावती घ्यायची आणि मग देवाचे नाव. आझाद हिंद नागपूरला थांबून हावड्याला जाते, महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाला. त्या थांब्यात आपला नग उतरला तर आपला, नाही तर त्याला देशदर्शन. उतरल्यावर वेळेत नेला नाही तर वारफेज म्हणून दंड चढू लागतो. शिवाय घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर रिक्षा-टेम्पो आपलाच.

एसटीने २०२० च्या टाळेबंदीत मालवाहतूक सुरू केली. अख्ख्या ट्रकचा माल असेल तर ती विचारावी. चार चाकांसाठी स्टँडवरची पार्सलची खिडकी बरी. तिथेही नेणे-आणणे आपल्याच अंगावर.

संगमवाडीहून रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सची डिकी सगळ्यांत चपळ. क्लीनर चाकांकडे एक नजर टाकतो आणि आकडा सांगतो. टेप नाही, काटा नाही, भागाकार नाही. पण पावतीही नाही. प्रवाशांच्या परवान्यावर असा माल नेणे नियमात बसत नाही, तेव्हा वाटेत आरटीओने डिकी उघडली किंवा पहाटे चाके भलत्याच थांब्यावर उतरली, तर तक्रार कुणाकडे करणार? ड्रायव्हरचा मोबाइल नंबर हीच बिल्टी.

राहता राहिला ट्रक. वरूड-मोर्शीची संत्री मार्केट यार्डात उतरवून एखादा ट्रक परत विदर्भात निघतो, तेव्हा त्याला रिकामे जाण्याचे दुःख असते. त्याच्या लेखी माझ्या चाकाचे कोपरे आणि भोके यांना काही किंमत नाही, कारण ती जागा तशीही हवाच वाहून नेणार होती. परतीचे भाडे म्हणतात ते हेच. स्वस्ताईचे सारे रहस्य एवढ्यातच आहे, माननीय : जो जागा विकतो तो महाग, जो रिकामी जागा घेऊन चालला आहे तो स्वस्त. फक्त त्याची वेळ आपण पाळायची, आपली वेळ तो पाळणार नाही. आम्हा पेन्शनरांकडे पैशापेक्षा वेळ जास्त असतो, तेव्हा हा सौदा आम्हाला परवडतो.

अखेर मी मधला मार्ग धरला. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एका ट्रान्सपोर्टवाल्याची जुनी गादी आहे. तिथल्या मुनीमजींनी टेप काढलीच नाही. ‘किती नग?’ एवढाच प्रश्न. हमाली नगावर असते, म्हणून चार चाकांचे दोन नग केले : देखण्या बाजू समोरासमोर, मध्ये जाड पुठ्ठा, आणि दोन्ही चाकांतून आरपार दोरी. चारही चाके एकत्र बांधली असती तर नग एक वाचला असता, पण साठ-पासष्ट किलोचा नग कोणी उचलून ठेवत नाही. तो ट्रकच्या फाळक्यावरून सोडून देतात. रबरावर चिकटपट्टीचे लेबल टिकत नाही, म्हणून पुठ्ठ्याचा बिल्ला तारेने बांधला आणि वर पांढऱ्या रंगाने भाच्याचे नाव आणि नंबर टाकला. नट आणि मधल्या टोप्या पिशवीत घालून हाताशी ठेवल्या, कारण सुटी वस्तू ही आधी सुटते. साध्या कागदावर लिहून दिले : जुना, वापरलेला माल, घरच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही. बिल्टीवर मुनीमजींनी ‘टू पे, गोडाऊन डिलिव्हरी, वाडी’ असे लिहिले. म्हणजे भाडे भाच्याने भरायचे आणि चाकेही त्यानेच नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामातून न्यायची. दारात पोच हवी असती तर तेवढ्याने निम्मी बचत गेली असती, आणि भाचा तिशीचा आहे.

चाके पोचली. एका रिमला ओरखडा आहे, असे भाचा म्हणतो. तो आधीचाच, असे मी म्हणतो. या वादात आपण भागाकार करू नये.

तेव्हा आपल्याकडे मागण्या मोजक्याच. एक, गोल वस्तूला गोलाचा हिशेब लावा, ०.७८५ ने गुणायला काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरला काही जड जाणार नाही. दोन, ज्या भोकाचे भाडे घ्याल त्याचा ताबाही द्या. स्पोकांच्या मागे, जिथे गाडीचे ब्रेक बसतात, तिथे एक किलो चिवडा आणि दिवाळी अंक आरामात मावतात. तो खाऊ मोफत जावा. तीन, आपला आकडा दरपत्रकावर वर आणि ठळक छापा. आज तो पावतीच्या मागे, मुंगीला चष्मा लागेल एवढ्या टायपात असतो. किलोचा दर मोठ्या अक्षरात आणि किलो म्हणजे काय ते बारीक अक्षरात, हा उलटा न्याय झाला.

मागण्या मान्य होतील असे नाही. परंतु निगडीची गादी, डिकीवाला क्लीनर आणि परतीचा ट्रक हे तिघे आपल्याला अजून ओळखत नाहीत, आणि तोपर्यंत आम्हाला आपली भीती नाही.

कळावे, लोभ नसला तरी चालेल, पण असल्यास तो खऱ्या वजनाने असावा.

आपला,
एक नगधारक, पुणे

ता. क. : हे पत्र आधी नळीत घालून पाठवणार होतो. नळीच्या आत पोकळी असते हे वेळीच लक्षात आले. आता चार घड्या घालून, पाच रुपयांचे तिकीट लावून, साध्या टपालाने पाठवत आहे. तिथे वीस ग्रॅमपर्यंत नुसते वजन बघतात.