शकुंतलेकडे नोंदणी नव्हती

यवतमाळात लग्न जुळलं की पहिला प्रश्न येतो, "पाहुणे कुठले?" उत्तर दारव्हा, दिग्रस, राळेगाव, फार तर नांदेड असं असतं. मग कुणाची तरी चुलतमावशी नेमकी त्याच गावात दिलेली निघते, दोन फोन होतात आणि तिकडच्या शेतीपासून मुलाच्या मित्रमंडळापर्यंत सगळी माहिती संध्याकाळच्या चहाआधी हाती येते. उत्तर 'हॅनोव्हर' असं आलं की पंचाईत होते. हॅनोव्हरला कुणाचीच मावशी दिलेली नसते.

घरच्यांना सुरुवातीला भलत्याच काळज्या लागतात. सून ज्वारीची भाकरी खाईल का, ठेचा सोसेल का, मे महिन्यातलं इथलं ऊन तिला झेपेल का. हे प्रश्न आठ दिवसांत सुटतात. उन्हाचा तसा इथल्या माणसांनाही सुटलेला नाही, त्यामुळे तो धरायचा नाही. सुटत नाही तो कागद. दोन देशांतल्या माणसांची मनं जुळायला एखादी संध्याकाळ पुरते. दोन देशांच्या कचेऱ्या जुळायला वर्ष लागतं, आणि त्यांची पत्रिका कुणी आधी पाहून ठेवलेली नसते.

सुरुवात आपल्याच कचेरीपासून होते. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लावायचं तर वर-वधू दोघंही त्या कायद्याने केलेल्या हिंदूच्या व्याख्येत बसावे लागतात. एक जण बसत नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणत असले, तरी कोर्टाची पायरी कुठं चढावी लागत नाही. लग्न लागतं ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्यासमोर, म्हणजे शेताचं खरेदीखत ज्या खात्यात होतं त्याच खात्यात. त्यामुळे बाकाच्या एका टोकाला दोन भाऊ धुऱ्यावरून हमरीतुमरीवर आलेले, दुसऱ्या टोकाला हातात पासपोर्ट घट्ट धरून बसलेली एक परदेशी मुलगी, आणि मध्ये तिची होणारी सासू, दोन्हीकडे कान देऊन, असं दृश्य तिथं सहज जमू शकतं.

गोम तारखांत आहे. नोटीस देण्याआधी दोघांपैकी निदान एकानं त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. नोटीस लागली की हरकतींसाठी आणखी तीस दिवस. आता ह्यूस्टनला नोकरी करणाऱ्या मुलाला रजा मिळते तीन आठवड्यांची. तो उतरणार मुंबईला, तिथून नागपूर, तिथून यवतमाळ. पहिले दोन दिवस तो भरदुपारी घोरणार आणि मध्यरात्री पोहे मागणार. होणारी सून तर जिल्ह्यात पहिल्यांदाच पाऊल ठेवणार. मग तीस दिवस राहिलंय कोण? आई-वडील राहिलेत पन्नास वर्षं, पण लग्न त्यांचं नाही.

नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि कुणालाही हरकत घेता येते, हे ऐकून नात्यातल्या काही जणांचे डोळे चमकतात. त्यांची निराशा ठरलेली आहे. हरकतीची कारणं कायद्यानं मोजकीच ठेवली आहेत: आधीचं लग्न अजून शाबूत असणं, वधू अठराची किंवा वर एकवीसचा नसणं, संमती देण्याजोगी मनःस्थिती नसणं, निषिद्ध नातं असणं. 'आम्हाला कुणी विचारलं नाही' हे कारण त्या यादीत नाही.

विधीच्या बाबतीत मात्र हा कायदा मोठ्या मनाचा आहे. कुठल्याही पद्धतीनं लग्न लावा. फक्त अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांनाही समजेल अशा कुठल्याही भाषेत, एकमेकांना कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकारल्याचं म्हणा. म्हणजे "मी तुले कायदेशीर बायको म्हनून पत्करलं" हे शुद्ध वऱ्हाडी वाक्य कायद्याला चालतं. समोरच्या मुलीला वऱ्हाडी कळली पाहिजे, एवढीच अट.

मग परदेशी बाजूकडून ती व्यक्ती अविवाहित असल्याचा कागद मागितला जातो. अमेरिकेत असा दाखला देणारं मध्यवर्ती दप्तरच नाही. तिथला नागरिक स्वतःच शपथेवर लिहून देतो की आपलं लग्न झालेलं नाही. हे मामांच्या गळी उतरत नाही. "म्हंजे तोच सांगते आन् तोच सही करते?" असं ते तीनदा विचारतात. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं कुणाला वाटत नाही.

कागदाचा हा जाच नवा आहे असं समजू नये. पूर्वी कागदाच्या जागी जात मागत. इंदूरचे तुकोजीराव होळकर तिसरे १९२८ मध्ये सिएटलच्या नॅन्सी मिलर हिच्याशी लग्न करायला निघाले, तेव्हा वधूला आधी हिंदू व्हावं लागलं आणि मग धनगर. नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिची शुद्धी केली, एका धनगर कुटुंबानं तिला दत्तक घेतलं, ती शर्मिष्ठादेवी झाली आणि मगच बोहल्यावर उभी राहिली. आज जर्मनी सहसा फक्त भाषेची परीक्षा मागते, ही त्या मानानं सवलतच.

आणि परदेशच कशाला, यवतमाळ जिल्ह्याचंच उदाहरण आहे. पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले वसंतराव नाईक आणि नागपूरच्या ब्राह्मण घरातल्या वत्सला घाटे यांनी १९४१ मध्ये लग्न केलं. गहुली ते नागपूर प्रवासाला पासपोर्ट लागत नव्हता, पण त्या काळी हे अंतर समुद्र ओलांडण्याएवढंच होतं. पुढे वसंतराव अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री होते, त्यामुळे नाकं मुरडणाऱ्यांना ती परत सरळ करायला भरपूर वेळ मिळाला.

पण यवतमाळात खऱ्या अर्थानं परदेशातून येऊन नांदलं ते एक इंजिन. मूर्तिजापूर–यवतमाळ नॅरोगेजवरची शकुंतला एक्स्प्रेस ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालं, १९२३ पासून इथं रुजू झालं आणि १९९४ पर्यंत राबलं. सत्तर वर्षांत त्याचा व्हिसा कुणी विचारला नाही.

त्या गाडीचं नाव धारण करणारी कालिदासाची नायिका मात्र नेमकी पुराव्यावर अडकली होती. लग्न गांधर्व, म्हणजे नोटीस नाही, नोंदणी नाही. वडील त्या वेळी तीर्थयात्रेला. पुरावा म्हणाल तर एक अंगठी, तीही वाटेत पाण्यात पडली. अनसूया आणि प्रियंवदा या दोन सख्यांना सगळं ठाऊक होतं, पण सुनावणीच्या दिवशी त्यांना सोबत नेलंच नाही. आणि नेल्या असत्या तरी साक्षीदार तीन लागतात. नवरा ओळख दाखवीना. शेवटी कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडली म्हणून प्रकरण मिटलं. आजच्या वकिलातीत माशाच्या पोटातून निघालेला दस्तऐवज आणखी एक प्रतिज्ञापत्र जोडल्याशिवाय घेतील असं वाटत नाही.

म्हणून नोंदणी. सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या विवाहांची नोंदणी सक्तीची व्हावी असा निर्णय दिला तो २००६ साली, १४ फेब्रुवारीला. तारीख कुणी मुद्दाम निवडली नसावी. महाराष्ट्राचा नोंदणीचा कायदा तर १९९८ चाच. खेड्यात ग्रामपंचायतीत काम होतं: अर्ज, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही आणि बहुतेक ठिकाणी लग्नपत्रिका. इथं एक सापळा आहे. पत्रिका छापताना तिचा सरकारी कामाशी संबंध येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. त्यामुळे पासपोर्टवर प्रशांत असलेला मुलगा पत्रिकेत 'चि. बंटी' असतो, वधूचं नाव कुणीतरी ऐकून ऐकून छापलेलं असतं, आणि खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं आर्जव करणाऱ्या सहा बालकांची नावं मात्र अचूक असतात. त्यातच आजोबांच्या जुन्या दाखल्यावर गावाचं नाव इंग्रज लिहीत तसं 'येवतमाळ', आणि मुलाच्या जन्मनोंदीत नावाच्या रकान्यात नुसतंच 'पुरुष'. परदेशातल्या कारकुनाला ही तीन निराळी घराणी वाटली तर त्याला दोष देता येत नाही.

लग्न अमेरिकेला न्यायचं असेल, तर जोडीदार तिथला नागरिक आहे की ग्रीनकार्डवाला यावर सगळं ठरतं. नागरिकाच्या नवरा-बायकोला वार्षिक कोट्याची रांग नाही. ग्रीनकार्डवाल्याच्या जोडीदाराला आहे. या रांगेला कंटाळून सत्या नाडेला यांनी १९९४ मध्ये हाती असलेलं ग्रीनकार्ड परत केलं आणि खालच्या दर्जाचा समजला जाणारा एच-वन-बी व्हिसा घेतला, कारण त्यावर पत्नीला लगेच सोबत नेता येत होतं. पुढे ते मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले, तेव्हा ग्रीनकार्ड गेलं म्हणून कुणाचं भलं होत नाही असं म्हणायची सोय राहिली नाही.

स्थलांतरित व्हिसाची मुलाखत मुंबईत. तिथं विचारतात काय? भेट कशी झाली, घरी कोण कोण असतं, नवऱ्याला सकाळी चहा लागतो की कॉफी, त्याच्या बहिणीला मुलं किती. ज्या मुलीनं यवतमाळात एक हळद आणि दोन पंगती काढल्या आहेत, तिला या प्रश्नांची भीती नसते. याहून खोलात शिरणाऱ्या आत्याबाई तिनं पाहिलेल्या असतात. अडचण येते ती पुराव्यांत. अल्बममध्ये फोटो आठशे असतात, पण त्या प्रत्येकात मध्ये हे दोघं खांबासारखे उभे आणि दोन्ही बाजूंना आहेर देणारं निरनिराळं कुटुंब. साहेबाला हवे असतात एकत्र बँकखाते, भाडेकरार, एकमेकांना पाठवलेले निरोप. "हजार मानूस जेवून गेलं, आता साहेबाले आनखी कोनता पुरावा पायजे?" हा सासऱ्यांचा सवाल तर्काला धरून असला, तरी अर्जात त्याला रकाना नाही. एवढं होऊन लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत ग्रीनकार्ड मिळालं, तर तेही दोन वर्षांपुरतंच. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून कळवायचं की अजून नांदतोय.

ब्रिटनचा रोख थेट पगारावर. ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला तिकडे बोलावणाऱ्याची वार्षिक मिळकत किमान २९ हजार पौंड लागते. त्याआधी १८,६०० लागायची. मुलाचा पगार विचारणाऱ्या मामांना आपण उगाच नावं ठेवत आलो.

या सगळ्यात एक लग्न असं झालं, ज्याला इथल्या कुठल्याच कचेरीत खिडकी नव्हती. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस यवतमाळातल्या एका हॉटेलात, अमेरिकेत स्थायिक झालेला एक यवतमाळकर आणि त्याचा मूळचा व्हिएतनामचा जोडीदार, दोघंही पुरुष, आप्तेष्टांच्या साक्षीनं विवाहबद्ध झाले. गावानं महिनाभर चर्चा केली, वर्तमानपत्रांनी छापलं. त्या वेळी समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पूर्ण ताकदीनं लागू होतं. ते सैल झालं ६ सप्टेंबर २०१८ रोजी. समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. गंमत अशी की अमेरिका २०१३ पासून अशा जोडीदारालाही व्हिसासाठी जोडीदार मानते, फक्त लग्न जिथं लागलं तिथल्या कायद्यानं ते वैध असावं लागतं. म्हणजे यवतमाळच्या अक्षता पडल्या, जेवणं झाली, माया मिळाली, आणि व्हिसाच्या दृष्टीनं तो एक स्नेहमेळावा झाला. कागदासाठी दुसरीकडचीच मोहर हवी. इथं विनोद करावा असं फारसं काही नाही.

सून उलट इकडे नांदायला आली तर? एकशे ऐंशी दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करायची. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कचेरीकडे. त्यामुळे नवी सून गावात आल्यावर पहिल्यांदा देवीला जाते की एसपी ऑफिसला, यावर घरात दोन तट पडतात. नोंदणी झालेल्या लग्नाला दोन वर्षं झाली की ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड मागता येतं, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कापसाच्या जिल्ह्यात ही दुसरी अट सासऱ्यांना जास्त लागते. नागरिकत्वासाठी अर्ज करायचा तर सात वर्षांचं वास्तव्य. मिनिआपोलिसला जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न करून सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या १९८३ मध्ये. तोवर त्या मराठीत सभा गाजवत होत्या; सरकारी दप्तराला हे कळायला वेळ लागला इतकंच.

तेव्हा ज्यांच्या घरी असा योग जुळून आला आहे त्यांना एकच विनंती. मंगल कार्यालय, केटरर आणि बँडवाला यांना विसार देण्याआधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या, आणि पत्रिका छापायला देताना दोघांचे पासपोर्ट छापखानेवाल्यासमोर ठेवा. मुहूर्त मात्र फार लांबचा काढू नका. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती नोटीस बाद होते आणि तीस दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.